पाडवा ते मृग, एवढंच ठरवा

पत्र: मी बेळगावात अनगोळला राहते. वय ४४. खडेबाजारातल्या एका सोसायटीत कामाला आहे. घरात आम्ही पाच जण. हे उद्यमबागेत फौंड्रीत, मुलगा डिप्लोमाला, मुलगी नववीत आणि सासूबाई. परवा रक्त तपासलं तर साखरेचं एचबीएवनसी ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, तीन महिने खाण्याकडे आणि चालण्याकडे बघा, मग परत तपासू. म्हणून पाडव्यापासून सगळंच बदलायचं ठरवलंय. यादी केली आहे: पहाटे पाचला व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चालायला जायचं, भात बंद करून फक्त मिलेट, साखर बंद करून सेंद्रिय गूळ, सगळं सामान ऑरगॅनिक, प्लॅस्टिकचे डबे काढून काचेच्या बरण्यांचा सेट, तांब्याच्या बाटल्या, ओल्या कचऱ्याचं खत (त्यासाठी ऑनलाइन एक डबा बघितलाय), गच्चीवर भाजी, आणि जमलं तर इलेक्ट्रिक स्कूटर. घरचे हसतात. सासूबाई येळ्ळूरच्या, बोलायला फटकळ. त्या म्हणतात, "दरसाल पाडवा आला की हिच्या अंगात येतंय आणि अक्षय्य तृतीयेला उतरतंय." खोटं नाही ते. कचरा घरात साठवायला तर त्यांचा सक्त विरोध आहे. ह्यांची तंबाखूही सुटावी असं फार वाटतं. सुरुवात कुठून करू, आणि यंदा टिकेल कसं? (एक वाचक, अनगोळ)

ताई,

आधी सासूबाईंचं वाक्य घेते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं तेच आहे. पाडवा ते अक्षय्य तृतीया म्हणजे महिना झाला की हो! लोकांचे नव्याचे नऊ दिवस असतात, तुमचे तीस असतात. तेव्हा जिद्द कमी पडते असं मला वाटत नाही. महिन्याभरानंतर काय होतं ते बघा. शाळेला सुट्टी लागते, नणंदा-भाचरं येतात, लग्नसराई सुरू होते, गच्चीवर पापड-सांडगे पडतात, चटणीचं कुटण निघतं. घराची घडीच बदलते आणि फाल्गुनातल्या घडीवर बसवलेला तुमचा बेत त्यात कुठेच बसत नाही. म्हणून यंदा जे काही ठरवाल ते एकाच कसोटीवर घासून बघा: घरात सात पाहुणे आणि दोन लग्नं असतानाही हे होईल का? होत नसेल तर खोडा.

दुसरी गोष्ट म्हणजे ती यादी. पुन्हा एकदा वाचा आणि ज्या ओळीपुढे पैसे मोजावे लागतात तिथे खूण करा. बरण्या, बाटल्या, खताचा डबा, सेंद्रिय गूळ, ऑरगॅनिक सामान, स्कूटर. निम्म्याहून जास्त यादी ही सवयींची नसून खरेदीची आहे. खरेदीचं सुख असं की ती झाली की काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि रक्तातल्या साखरेला त्याची खबरही नसते. चांगल्या स्थितीतले प्लॅस्टिकचे डबे फेकून काचेच्या बरण्या आणण्याला पर्यावरणाचं काम म्हणणारी जाहिरात ज्याने लिहिली त्याचं मला कौतुक वाटतं. तुम्ही ते डबे वापरा, फुटेपर्यंत. फक्त गरम पदार्थ त्यात ओतू नका.

आता मुदतीचं. "आयुष्यभरासाठी" असं काही ठरवू नका. पाडवा ते मृग, एवढंच ठरवा. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास निघतं, म्हणजे अडीच महिने धरा. हा हिशेब मी उगाच काढलेला नाही. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींना किती साखर चिकटली आहे त्याचं माप. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. तुमचा आकडा ६.१ आहे. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. त्याच्या मध्यावर तुम्ही उभ्या आहात आणि इथून मागे फिरता येतं. चेन्नईत असाच उंबरठ्यावरच्या पाचशेहून जास्त लोकांचा अभ्यास झाला होता, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. रोजचं चालणं आणि खाण्यातले साधे बदल एवढ्यावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका साधारण २८ टक्क्यांनी कमी झाला. गोळी घेणाऱ्यांचाही जवळपास तेवढाच झाला. त्या लोकांना तांब्याच्या बाटल्या कुणी दिल्या नव्हत्या.

खाण्यावर जरा सविस्तर बोलू, कारण इथेच तुम्ही स्वतःला सगळ्यात जास्त छळणार आहात. "भात बंद" हे अनगोळच्या घरात चालायचं नाही. घराच्या मागे दोन पावलांवर येळ्ळूर, वडगाव, शहापूरची शिवारं. तिथला बासमती घरी येतो, सासूबाईंच्या माहेरचं पोतं तर हमखास असणार. तुम्ही पंधरा दिवस भाताकडे बघणार नाही आणि सोळाव्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात मसालेभाताच्या दोन वाढ्या घेऊन "गेलं सगळं" म्हणून सोडून द्याल. त्यापेक्षा ताट बदला. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ किंवा घट्ट आमटी, आणि उरलेल्या पावात भात नाहीतर भाकरी. दोन्हींतलं एकच. आपल्याकडे भाकरी खाऊन झाली की "भात घ्या की थोडा" असतो ना, खरी गोम तिथे आहे. जेवताना आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ, आणि भात शेवटी. पोट तोवर बोलायला लागतं आणि साखरही एकदम चढत नाही.

उसळीसाठी परगावची कडधान्यं शोधायला नकोत. भात काढल्यावर त्याच काळ्या रानात मसूर, हरभरा, वाटाणा, वाल होतो. फाल्गुन-चैत्रात नवा मसूर घरात आलेला असतो. भिजवून, मोड आणून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात त्याची उसळ केली तर मुलगा डिप्लोमाचा असो की इंजिनिअरिंगचा, वाटी चाटून खातो. नवा शाळूही याच दिवसांत बाजारात येतो. वर्षाची बेगमी करताना यंदा गहू थोडा कमी आणि शाळू थोडा जास्त भरा. मिलेट म्हणून एवढंच पुरे.

पण मिलेट हा शब्द छापलेली पाकिटं मात्र उलटून बघा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, जे जास्त ते आधी. "नाचणी बिस्किट" म्हणून मिरवणाऱ्या पुड्यावर पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं साखरेचं निघालं तर तो पुडा दुकानातच राहू द्या. नाचणीचंही तारतम्य हवं. नाचणीची भाकरी वेगळी आणि बारीक पिठाची पातळ आंबील वेगळी. आंबील लवकर पचते आणि साखर लवकर वाढवते. उन्हाळ्यात ताक घालून एक वाटी प्या, पण "पौष्टिक आहे" म्हणून तांब्या भरून नको.

गुळाबद्दल तुम्हाला वाईट वाटेल, तरी सांगते. रक्ताला गूळ आणि साखर यांत फारसा फरक कळत नाही. सेंद्रिय असला तरीही. ऊसपट्ट्यात राहून हे बोलणं म्हणजे धाडसच आहे, पण साखरेचे दोन चमचे बंद करून गुळाचे तीन घातले तर तुमचा आकडा वरच जाईल. चहात आहे ते निम्मं करा. आणि चैत्र लागला की रस्तोरस्ती जी उसाच्या रसाची गुऱ्हाळं लागतात, त्यांच्यापासून हे अडीच महिने लांब राहा. एका मोठ्या ग्लासात सहा-सात चमचे साखर सहज असते. त्याऐवजी ताक, किंवा साखर न घातलेलं आमसुलाचं पाणी, चिमूटभर मीठ-जिरं टाकून. पन्हं हवंच असेल तर छोटा पेला, आणि गूळ चाखून घाला.

पाडव्याच्या दिवशी मात्र हे सगळं बाजूला. पुरणपोळी खा, एक. आधी कडुनिंबाचा कोवळा पाला, फुलोरा, भिजवलेली चणाडाळ, ओवा, हिंग आणि गूळ वाटून केलेली गोळी खा. शेजारच्या कन्नड घरात त्याच दिवशी बेवू-बेल्ला, म्हणजे कडुनिंब-गूळ, वाटतात, तेही घ्या. फक्त "कडू ते साखरेला चांगलं" म्हणून दुसऱ्या दिवसापासून रोज पेलाभर कडुनिंबाचा रस सुरू करू नका. काहींना त्याने त्रास होतो आणि पुढेमागे गोळी सुरू झालीच तर साखर नको तेवढी उतरू शकते. सणापुरता तो सणापुरताच राहू दे. कुणाकडे कुंदा पुढे आला तर एक चमचा घ्या आणि बशी मुलीकडे सरकवा. नाही म्हणत बसलात तर त्यावर अर्धा तास चर्चा होते.

चालण्याचं. पहाटे पाचला अनगोळहून व्हॅक्सिन डेपोत जायचं, तर चालायला जाण्यासाठी स्कूटर काढावी लागणार. शिवाय सातला मुलांचे डबे. ही ओळ खोडा. डेपोची झाडं सुंदर आहेत, रविवारी जा. रोजसाठी रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं आणि दुपारच्या जेवणानंतर सोसायटीतून बाहेर पडून दहा मिनिटं ठेवा. जेवल्यावर लगेच चाललं की पायाचे स्नायू नुकती रक्तात आलेली साखर वापरून टाकतात, त्यामुळे तुमच्यासारख्या आकड्याला ही वेळ पहाटेपेक्षाही कामाची. खडेबाजारात दुपारी चालायला जागा असते का, असं म्हणाल. नसते. पण गल्लीतून गल्लीत, सावली धरून दहा मिनिटं निघतात. रात्री येळ्ळूर रोडच्या बाजूला वारा चांगला असतो, मुलीला बरोबर घ्या. पाहुणे आले तर त्यांनाही घेऊन निघा. जेवणानंतर शतपावलीला कुणी नाही म्हणत नाही. प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजच्या या पंचवीस मिनिटांत ती भरून थोडी वर होतात. "वसन्ते भ्रमणं पथ्यम्" असं जुने वैद्यही म्हणून गेलेत. एखाद्या रविवारी सगळे मिळून राजहंसगडावर चढा, उन्हं तापायच्या आत.

आता खत. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमच्या यादीतली ही सगळ्यात चांगली ओळ आहे आणि तुम्ही तिची सुरुवात चुकीच्या माणसापासून करताय. येळ्ळूरच्या शेतकरी घरातल्या बाईला ऑनलाइन डबा दाखवून खत शिकवायला निघालात तर ती विरोध नाही करणार तर काय करणार? त्यांच्या डोळ्यांसमोर उकिरडा आहे, आणि उकिरडा घरापासून लांब असतो हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. शिवाय त्यांची एक रास्त भीती असणार: गच्चीवर पापड-सांडगे वाळत असताना शेजारी कचऱ्याची बादली आणि तिच्यावर माशा. ही भीती खरीच आहे. म्हणून गच्ची सोडा. मागच्या परड्यात सावलीची जागा बघा, आणि त्यांना विचारा, "आत्ती, कुठं ठेवू?" जागा त्यांनी सांगितली की निम्मा विरोध तिथेच संपतो. उरलेला निम्मा वास आला नाही तर संपेल.

वास न येण्याचं गुपित सुक्या पाल्यात आहे आणि पाडवा हीच त्याची वेळ. माघ-फाल्गुनात झाडं पानं टाकतात. टिळकवाडी-हिंदवाडीच्या रस्त्यांवर, कॅम्पात, शाळांच्या पटांगणात ढीग पडतात आणि सकाळी सकाळी कुणीतरी त्यांना काडी लावतं. उघड्यावर कचरा जाळायला २०१६पासून नियमांनी बंदी आहे, तरी धूर निघतोच. तुम्ही सिमेंटच्या दोन रिकाम्या पिशव्या घेऊन जा आणि दाबून पाला भरून आणा. जूनपर्यंत पुरेल. पावसाळ्यात कोरडा पाला मागूनही मिळणार नाही, तेव्हा ही बेगमी आत्ताच.

डबा विकत घेऊ नका. रंगाच्या वीस लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या धुऊन घ्या, बाजूला आणि तळाला तापलेल्या सळईने भोकं पाडा, विटांवर ठेवा. खाली शेणाची एक फुटकी गोवरी चुरून टाका, वर चार बोटं सुका पाला. रोज भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, सुकलेली फुलं टाका आणि प्रत्येक वेळी वरून पाल्याच्या दोन-तीन मुठी, एवढ्या की खालचं हिरवं दिसता कामा नये. आठवड्यातून एकदा आंबट ताकाचा शिपका. तीन-चार दिवसांनी काठीने तळापासून ढवळायचं. शिजवलेलं तेलकट अन्न, मटणाची हाडं, माशांची घाण यात नको. लिंबाची सालं थोडीच.

ते बरोबर चाललंय की नाही हे ओळखायला मूठ पुरते. आतलं मूठभर घेऊन दाबा. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब निघाला तर उत्तम. पाणी ओघळलं तर ओल जास्त झाली, पाला घाला आणि ढवळा. वास येतो तो नेमका अशा वेळी, कारण आत हवा उरत नाही. मूठ सोडल्यावर सगळं भुरभुर पडलं आणि मुंग्या दिसल्या तर कोरडं झालंय, पाणी शिंपडा. आठवड्याभरात हात घातल्यावर आत कोमट लागतं. ते जिवाणूंचं काम सुरू झाल्याचं लक्षण. कधी पांढुरक्या जाड अळ्या दिसतील आणि मुलगी किंचाळेल. त्या घरमाशीच्या नसतात सहसा, कचरा खाऊन संपवणाऱ्या असतात. पाला जास्त घातला की कमी होतात. एक बादली भरली की ती झाकून बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. चैत्र-वैशाखात वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही, तेव्हा वर पत्रा किंवा जुनं कौल ठेवून दगड ठेवा. पहिली बादली पाडव्याला सुरू करून तीन-चार आठवड्यांत भरली तर मृगापर्यंत तिच्यात काळं, मातीचा वास येणारं खत झालेलं असेल. तळाशी काही देठं तशीच राहतील, ती दुसऱ्या बादलीत.

तुमची ही बादली भरते तेव्हा तेवढं ओझं तुरमुरीला जायचं वाचतं. शहराचा कचरा तिथे जातो आणि त्याचा वास तुरमुरीची माणसं सोसतात. हे घरात एकदा बोलून ठेवा, भाषण न करता.

गच्चीवरची भाजी मात्र आत्ता नको. राकसकोप धरणाची पातळी उतरत जाण्याचे हे दिवस. ज्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे एप्रिलमध्ये गच्चीवर मेथी-कोथिंबीर लावली तर ती उन्हाने लगेच फुलावर येते आणि हातात दोन काड्या पडतात. तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्यावर एक कढीपत्ता आणि एक पुदिन्याची कुंडी जगवा. फारच हौस असेल तर तांबडा माठ किंवा दोन वेल चवळीचे. बाकी बियाणं मृगाला, तुमच्याच खतात. तोवर भाजी कंग्राळी, कडोली, उचगावहून पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांकडून घ्या. इथली भाजी रोज गाड्या भरून गोव्याला जाते. तुम्ही तर उगमापाशी बसलाय. ऑरगॅनिकच्या चिठ्ठीसाठी दुप्पट पैसे देण्याआधी रोज दोन भाज्या जास्त खाल्ल्या जातात का ते बघा. स्वच्छ धुऊन घ्या, म्हणजे झालं.

पिशव्यांबद्दल एकच. कर्नाटकात २०१६ सालापासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कितीतरी प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, तरी कोथिंबिरीची जुडी पिशवीत घालूनच मिळते. त्यातल्या किती पिशव्या गटारातून बळ्ळारी नाल्यात जातात ते पावसाळ्यात कळतं. नाला तुंबतो आणि पाणी थेट येळ्ळूर-वडगाव-अनगोळच्या भातात शिरतं. तुमच्या घरच्या भाताच्या मुळाशी ती पिशवी जाऊन बसते. हे सासूबाईंना सांगायची गरजच नाही, त्यांच्या भावाला विचारा. जुन्या सुती साडीच्या चार पिशव्या शिवून दोन स्कूटरच्या डिकीत, एक ऑफिसच्या पर्समध्ये आणि एक दाराच्या खुंटीला. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या गावात कापडी पिशवी विकत घ्यायला लागू नये.

स्कूटर आहे ती चालवा. ती चालतेय तोवर नवी घेण्यात पैसेही नाहीत आणि पर्यावरणही नाही. आठवड्यातून दोन दिवस बसने जा. बायकांसाठीच्या शक्ती योजनेत जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये तुम्हाला तिकीट लागत नाही, आणि बसस्टँडहून खडेबाजारापर्यंतचं चालणं वर मिळतं. खडेबाजारात गाडी लावायला जागा शोधण्याचा वैताग वाचतो हे वेगळंच. उरलेल्या दिवशी रेल्वे गेट पडलं की इंजिन बंद.

ह्यांच्या तंबाखूचं काय? तुमच्या यादीत ती घालू नका. ती त्यांची लढाई आहे आणि तुमच्या पाडव्याला जोडली तर दोन्ही एकदम बुडतील. निपाणीपासून इथवर तंबाखू हा या भागाचा पोटापाण्याचा विषय राहिला आहे, तिला वाईट म्हणताना माणसं दुखावतात. फौंड्रीतल्या रात्रपाळीला जागं राहायला ती लागते असं ते म्हणत असतील, तर ते ऐकून घ्या. पुडीवरच १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक छापलेला असतो, तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी सेवा आहे. तो त्यांना एकदा दाखवा आणि सोडून द्या. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं यातलं काही असेल तर मात्र वाट बघू नका, दातांच्या डॉक्टरांकडे घेऊनच जा.

मृग निघाला की रक्त तपासा. आकडा ५.९ आला तरी चांगला, ६.१च राहिला तरी वाढला नाही हे काही कमी नाही. वाढला तर डॉक्टर गोळीचं बोलतील आणि ती घ्यावी लागली तर घ्या. चालणं आणि ताट तेव्हाही हेच राहील. कागदावर रोज दोनच खुणा करा, जेवल्यावर चालले का आणि भात-भाकरीतलं एकच घेतलं का. तोच कागद डॉक्टरांना दाखवा, त्यांना रिपोर्टइतकाच उपयोगी पडेल. चार दिवस खूण करायची राहून गेली तर पाचव्या दिवशी करा, पुढच्या पाडव्याची वाट बघू नका.

आणि तांब्याची बाटली आधीच घेऊन झाली असेल, तर तिच्यात साधं पाणीच ठेवा. ताक, लिंबूपाणी, आमसुलाचं पाणी अजिबात नको. आंबटाने तांबं सुटतं आणि पोट बिघडतं.